एक कुंपण, दोन कादंबऱ्या

जुलमी राजवटींत सांपडलेल्या माणसांच्या प्रेमाची गोष्ट म्हटली म्हणजे मराठी वाचकाला बहुधा प्रथम आठवते ती विश्राम बेडेकर यांची 'रणांगण'. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेली ही लहानशी कादंबरी एका बोटीवर घडते. युरोपांतून हिंदुस्थानाकडे निघालेल्या त्या बोटींत प्रेमभंगानें कडवट झालेला चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे, आणि हिटलरच्या जर्मनींतून परागंदा झालेल्या ज्यू प्रवाशांत हॅर्टा ही तरुणी आहे. प्रवासाचे मोजके दिवस, एवढेंच या दोघांच्या वांट्याला आलेलें सुख. मुंबई येते, चक्रधर उतरून आपल्या माणसांत जातो, आणि जिला उतरावयास स्वतःची भूमीच उरलेली नाहीं ती हॅर्टा पुढें पूर्वेकडे जाते. त्या पुढल्या प्रवासांत ती आपलें जीवित संपविते.

या मुलीचा अपराध कोणता होता? ती ज्यू आईबापांच्या पोटीं जन्मली होती, एवढाच. १९३५ च्या सप्टेंबरांत न्यूरेंबर्ग येथें झालेल्या कायद्यांनीं जर्मनींतील ज्यूंचें नागरिकत्व काढून घेतलें, आणि त्याच वेळीं ज्यू व जर्मन यांच्यामधील विवाह गुन्हा ठरविला. या दोन गोष्टी एकदम घडल्या यांत आश्चर्य नाहीं. जन्मावरून माणसांची प्रतवारी लावावयाची, तर कोणीं कोणाशीं संसार मांडावा हेंही सरकारास ठरवावें लागतें. एरव्हीं ती प्रतवारी एका पिढींत पुसट होऊं लागेल. म्हणून अशा सत्तेचा हात राजदरबारांतून निघून थेट घराच्या उंबऱ्याआंत येतो.

परंतु, श्रोतेहो, आज मला त्या बोटीवरून आपणांस सोलापुरास न्यावयाचें आहे. 'रणांगण' लिहिली गेली त्याच सुमारास त्या शहरांत तारेच्या कुंपणाआड एक वसाहत नांदत होती. तिच्यांतील माणसें परदेशांतून आलेलीं नव्हतीं, आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांवर कोणत्याही न्यायाधीशानें आरोप शाबीत केलेला नव्हता. त्यांचाही अपराध जन्माचाच होता. या वसाहतीवर जी कादंबरी मराठींत झाली ती 'रणांगण'कारांच्याच घरांतून यावी, हा वाङ्मयाच्या इतिहासांतील एक मोठा अर्थपूर्ण योग आहे. त्या कादंबरीचें नांव 'बळी', सन १९५०. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर.

माहेरच्या त्या बाळूताई खरे. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा त्यांचा कथासंग्रह टोपणनांवानें निघाला. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनांतील कोंडमारा इतक्या उघडपणें मांडणारी ही विभावरी कोण, म्हणून त्या वेळीं केवढी खळबळ उडाली होती, तें सर्वश्रुत आहे. त्यानंतर कांहीं वर्षांनीं त्या सोलापुरास 'गुन्हेगार जमातीं'च्या वसाहतीवर अधिकारी म्हणून गेल्या. मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींतला कोंडमारा ज्यांनीं शब्दांत आणला, त्यांनाच आतां तारेच्या आंतला कोंडमारा पाहावयाचा होता. आणि तोही कुंपणाच्या मालकाच्या बाजूनें, सरकारी पगारावर. 'बळी' ही कादंबरी त्या वर्षांच्या अनुभवांतून निर्माण झाली आहे.

हें कुंपण कोणत्या कायद्याचें, हें समजून घेतल्यावांचून त्या कादंबरीचें मोल ध्यानांत येणार नाहीं. 'गुन्हेगार जमातींचा कायदा' प्रथम १८७१ सालीं झाला, तो उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ सालीं तो सुधारून आपल्या मुंबई इलाख्यासही लागू होईल असा केला गेला, आणि १९२४ सालीं त्याची पुन्हा जुळणी झाली. या देशांत धंदा जातीवरून ठरतो, म्हणून चोरीही जातीवरूनच येते, असें त्यामागील तर्कशास्त्र. सरकारनें एकदा एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, कीं त्या जाहीरनाम्याच्या खरेपणाविषयीं कोर्टांत दाद मागण्याची सोय नव्हती. नांवनोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक वेळीं हजेरी, परवान्यावांचून गांव सोडावयाचा नाहीं. आणि सरकारास वाटल्यास सगळ्यांना वसाहतींत नेऊन ठेवावयाचें. सोलापूरच्या वसाहतींतील स्त्रीपुरुष तेथल्या कापडगिरण्यांत कामास जात. सहा वर्षांवरील मुलांना आईबापांपासून वेगळें काढून शाळेंत ठेवण्याचा अधिकारही याच कायद्यानें सरकारास दिला होता. वर्तन चांगलें ठरलें तर कुटुंबास तारेबाहेरील मोकळ्या वस्तींत राहावयास मिळे. तिला 'फ्री कॉलनी' म्हणत. 'सेटलमेंट' आणि 'फ्री कॉलनी' हीं नांवें सोलापूरकरांच्या तोंडीं अद्याप आहेत.

अशा जागीं प्रेमाची काय अवस्था होईल याचा विचार करा. आपल्या नेहमींच्या कादंबऱ्यांतील नायक देशासाठीं तुरुंगांत जातो तो आपखुषीनें. नायिका प्रेम आणि कर्तव्य यांत निवड करते, ती दुःखाची असली तरी निवडच असते. तारेआंतल्या तरुणाला ही निवड कोठली? दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे सोयरीक बोलावयास जावयाचें तर परवाना. मयतास जावयाचें तरी परवाना. रात्रींच्या हजेरीस गैरहजर राहणें हा गुन्हा. मग तो चोरीसाठीं गैरहजर होता कीं आजारी आईसाठीं, हा प्रश्न मागाहून. घर मांडावें तर जन्मास येणारें मूल गुन्हेगार जमातीचेंच. बाहेरून ही सरकारी तार, आणि आंतून जातपंचायतीची दुसरी तार. पंचांचा शब्द मोडला कीं वाळीत पडणें आलेंच. ज्याचें शरीर सरकारच्या वहींत आणि मन पंचांच्या मुठींत, त्यानें कोणाला 'तूं माझी आहेस' म्हणावें? 'बळी' या दोन अक्षरी नांवांत ही सारी कोंडी सामावलेली आहे.

येथें सोलापूरच्या इतिहासाची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९३० च्या मे महिन्यांत महात्माजींच्या अटकेनंतर या शहरांत जो उठाव झाला, त्यानें साम्राज्य हादरलें. १२ मे पासून जूनअखेरपर्यंत तेथें लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. सोलापूरकरांनीं ते सात आठवडे कधींच विसरूं नयेत, आणि ते विसरलेले नाहींत. पण त्याच शहराच्या कडेला कांहीं हजार माणसें वर्षानुवर्षें अशाच प्रकारच्या अंमलाखालीं राहत होतीं. त्यांच्या संचारबंदीस कोणीं लष्करी कायदा म्हटलें नाहीं. तिला सुधारणा असें नांव होतें. जुलमाला सुधारणेचें नांव मिळालें म्हणजे चांगल्या माणसांनाही तो दिसेनासा होतो.

मी स्वतः नातेपुत्याचा राहणारा. आषाढांत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी फलटण-बरडाकडून सोलापूर जिल्ह्यांत शिरते आणि आमच्या गांवीं मुक्काम करते. चैत्रांत शिखर-शिंगणापुरास जाणाऱ्या कावडी आमच्याच भागांतून जातात. वाट चालणें हेंच पुण्य, असें आमच्याकडील पोरही जाणतें. आणि याच जिल्ह्यांत, ज्यांचें पोटच वाट चालण्यावर होतें, त्या माणसांना वाट चालणें हाच गुन्हा ठरला होता! टोपल्या विणून गांवोगांव विकणारे कैकाडी, रानोरान शिकारीमागें फिरणारे पारधी, खेळ करून दाखविणारे, औषधें विकणारे. आगगाडी आली, जंगलांचे कायदे आले, कित्येकांचा धंदा बुडाला. आणि मग फिरणारा तो चोर असें समीकरण मांडणें सोपें झालें. वारकऱ्याची पावलें आणि कैकाड्याची पावलें एकाच धुळींत उमटत. पण एकाच्या पावलांची धूळ आपण कपाळीं लावली, आणि दुसऱ्याचीं पावलें पोलिसपाटलानें मोजलीं.

मुंबई इलाख्यांत हा कायदा १९४९ सालीं रद्द झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं साऱ्या देशांतून गेला. त्या दिवसापासून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. तेव्हां कोणी विचारील, कीं १९५० सालीं आलेली 'बळी' जरा उशिरांच आली नाहीं काय? मला तसें वाटत नाहीं. तार उपटण्यास एक सरकारी हुकूम पुरतो. पण 'गुन्हेगार' हा शब्द लोकांच्या मनांतून उपटण्यास हुकूम चालत नाहीं. तेथें कादंबरीकारच लागतो. कायद्यानें ज्यांना आंकडा केलें होतें, त्यांना पुन्हा माणूस म्हणून आपल्या माजघरांत आणून बसविण्याचें काम या पुस्तकानें केलें, आणि तें तार निघाल्यानंतरच्या काळांत अधिकच जरुरीचें होतें.

तें काम पुढें ज्यांचें त्यांनींच हातीं घेतलें, ही समाधानाची गोष्ट होय. लक्ष्मण माने हे आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यांतले, कैकाडी समाजांतले. त्यांचें 'उपरा' हें आत्मकथन १९८० सालीं निघालें आणि पुढल्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांतही एक प्रेम आहे, जातीबाहेरील विवाह आहे, आणि त्याबद्दल भोगावा लागलेला बहिष्कार आहे. सरकारी तार निघून तीस वर्षें होत आलीं, तरी दुसरी तार जागच्या जागीं होती, हें त्या पुस्तकानें दाखविलें. विभावरीबाईंनीं कुंपण बाहेरून उघडून आंत पाहिलें; मान्यांनीं तें आंतून उघडून बाहेर पाहिलें. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावींत, असें मी आपणांस सुचवीन.

जर्मनींतील ज्यूंच्या नशिबीं पुढें जो संहार आला, त्याच्याशीं सोलापूरच्या वसाहतीची बरोबरी मी करीत नाहीं. तशी ती करणें खोटेपणाचें होईल. मला दाखवावयाचें आहे तें पहिलें पाऊल. माणसाच्या कृतीऐवजीं त्याचा जन्म तपासावयास लागणें, हें तें पाऊल. आणि तें उचलण्यास हिटलर लागत नाहीं, रीतसर कचेरी आणि सज्जन कारकूनही पुरतात. हॅर्टासाठीं आपण हळहळलों, कारण ती दूरच्या देशाची होती आणि तिचा छळ करणारे परके होते. 'बळी' वाचतांना हा आधार राहत नाहीं. तेथें वसाहत आपली, भाषा आपली, आणि कुंपणाबाहेर निर्धास्त झोंपणारेही आपणच.

गल्लींत चोरी झाली कीं गांवाबाहेरच्या पालांकडे अजूनही प्रथम बोट दाखविलें जातें. घर भाड्यानें देतांना, कामास माणूस ठेवतांना, सोयरीक पाहतांना आपण आडनांव विचारतों आणि उत्तर ऐकून क्षणभर थांबतों. त्या क्षणभराच्या थांबण्यांत त्या जुन्या तारेचा एक तुकडा शिल्लक आहे. पुढल्या वेळीं आपण थांबाल, तेव्हां हीं दोन पुस्तकें आपणांस आठवावींत, इतकीच माझी विनंती आहे.