उधारीची वही आणि अन्नसुरक्षा

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील पिवळ्या धोत्र्याच्या भेसळीने ६० हून अधिक बळी घेतले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने, अधिकाऱ्याप्रमाणेच साध्या ग्राहकालाही वाण्याकडील जिन्नस विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार दिला. नमुना पोहोचल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा. मात्र हा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावयाचा आणि शुल्कही भरावयाचे. दोष सिद्ध झाला तर ते परत. कायदा करणाऱ्यांनी उधारीची वही पाहिलेली दिसत नाही! जिचे तेलमीठ त्या वहीवर चालते, ती मोलकरीण वाण्याच्या तोंडावर हे कसे बोलणार? तेव्हा तपासणी अधिकाऱ्यानेच, आणि दुकानाआधी तेलगिरणीत, केली पाहिजे. पिवळ्या शिधापत्रिकाधारकांचे शुल्क शासनाने भरावे, ही मागणी पक्षाने विधानसभेत लावून धरावी.