गणित आणि त्याचा उपयोग
(विद्यार्थी गुणगौरव समारंभ, जालना, येथील भाषण)



गणिताच्या स्पर्धांत बक्षिसे मिळविणारा आपल्यातील एक विद्यार्थी शुद्ध गणित सोडून उपयोजित गणिताकडे वळू इच्छितो. त्याच्या वडिलांस ही अधोगती वाटते; त्यांनी आमचा अभिप्राय विचारला आहे. पूर्वी अशाच प्रसंगी आम्ही एका मुलास संख्याशास्त्रापासून परावृत्त केले होते. ते आमचे चुकले, हे आज प्रांजळपणे सांगतो.

कै. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे उदाहरण पाहा. बनारसच्या घरी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर अवघड गणित लिहून ठेवीत आणि भाचा ते सोडवी. १९५९ मध्ये केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. एवढ्या कीर्तीनंतर त्यांनी फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली आपले गणित विश्वरचनेच्या अभ्यासास लावले. विश्वास आरंभ नाही, या मताचा त्यांनी पुरस्कार केला. परंतु १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला व बहुतेक शास्त्रज्ञ त्या मताविरुद्ध गेले. नारळीकरांनी निरीक्षणांकडे पाठ फिरविली नाही. १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी तो सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. तोही बहुतेकांस पटला नाही.

फळ्यावरील गणिताचे उत्तर मामांस ठाऊक असे. आकाशाचे उत्तर कोणाजवळच नव्हते. मग सांगा, अधिक कठीण परीक्षा कोणती?

आपल्या रानाचेच घ्या. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हे शाळकरी मूलही सांगेल. परंतु त्यातील किती मुरेल, किती वाहील, किती शेततळ्यात येईल, याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीने पाणलोटाची कामे करून नाव मिळविले. अशा कामास चोख हिशेब लागतो. तेथे चुकल्यास गुण जात नाहीत, पीक जाते.

म्हणून त्या पित्यास आमची विनंती आहे की, मुलास अडवू नये. मुलास मात्र एवढेच सांगणे: सिद्धता मागण्याची सवय सोडू नकोस, आणि निसर्गाने उत्तर चूक ठरविले तर रुसू नकोस.