दाराच्या आतला पाऊस



मृगाआधी कोकणात घराची तयारी सुरू होते. कौलं चाळली जातात, पन्हळी साफ होतात, पडवीला झापांचा आडोसा होतो. अंगणातल्या गाडीचे वायपर, ब्रेक आणि टायरही आपण पाहून घेतो. तिच्या दारातल्या स्पीकरची आठवण मात्र होते ती गणपतीला गावी जाताना, भजन लावल्यावर पखवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू आली म्हणजे. आज त्या स्पीकरबद्दल बोलायचं आहे.

गाडीचं दार बाहेरून बंद पेटीसारखं दिसतं, पण ते तसं नसतं. काच वरखाली सरकायला हवी, म्हणून तिच्या कडेचं रबर काचेला फक्त टेकलेलं असतं. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दर सरीला दाराच्या पोटात उतरतं आणि दाराच्या तळकडेच्या भोकांतून बाहेर पडतं. हा दोष नाही, दाराची रचनाच तशी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला काही वाटा आपल्या दारांच्या पोटातूनही वाहून जातो.

आतला डोअर पॅड काढला की पत्र्यावर काळ्या चिकट ब्यूटिलनं लावलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा दिसतो. काही गाड्यांत तो फोमचा असतो. पडद्यामागे ओलं, पडद्याच्या अलीकडे कोरडं. स्पीकर बसतो तो नेमका या सीमेवर. त्याचं तोंड आपल्याकडे असतं आणि पाठ पावसाकडे.

1925 साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी मांडलेली रचनाच आजच्या बहुतेक स्पीकरांत आहे. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, हलतं आणि त्याला जोडलेला कोन हवा ढकलतो. कॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या काही अंशांएवढी. तिथे पाणी शिरून गंज धरला की कॉइल घासते. तीच ती खरखर. कागदाचा कोन ओल पिऊन जड आणि मऊ होतो. पावसाळ्यात पखवाजाचं कातडं सैल पडून स्वर उतरतो, तसंच काहीसं इथे होतं. कोनाच्या कडेला फोम असेल तर तो काही वर्षांत भुसभुशीत होऊन फाटतो. तिथे रबर जास्त टिकतं.

1970च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा कोन तयार झाला. रेडिओच्या स्टुडिओत आवाज पारखण्यासाठी केलेलं ते काम आज आपल्या गाडीच्या दारात उपयोगी पडतं, कारण हा कोन पाणी पीत नाही. नवा स्पीकर घ्यायचा असेल तर असा कोन आणि रबरी कड मागून घ्या.

आहे त्या स्पीकरचं काय करायचं? काहीजण कोनावर व्हार्निश लावतात किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारतात. व्हार्निशनं कोन जड होतो आणि आवाज बसतो. स्प्रेनं कोनाचे चिकटवलेले जोड सुटू शकतात. काहीजण स्पीकरमागे फोमची बंद वाटी बसवतात. तिनं पाणी अडतं, पण स्पीकरला पाठीमागे भरपूर हवा लागते. वाटीत ती जेमतेम लिटर-दोन लिटर उरते. कोंडलेली हवा कोनाला मागे रेटते आणि खर्ज जातो.

आपल्या शेतकऱ्यानं यावर केव्हाच उपाय काढला होता. लावणीला वाकलेली बाई डोक्या-पाठीवर इरलं घेते. पाऊस पाठीवरून निथळून जातो आणि हात कामाला मोकळे राहतात. स्पीकरलाही इरलंच हवं. ती फोमची वाटी घ्या, तिचा खालचा अर्धा भाग कापून टाका आणि वरचा अर्धा छपरासारखा बसवा. वरून येणारं पाणी मॅग्नेटवर न पडता बाजूनं उतरेल, आणि खालून हवा मोकळी राहील. कित्येक गाड्यांत कंपनीनंच असं प्लॅस्टिकचं छप्पर दिलेलं असतं. नवा स्पीकर बसवताना ते टाकून देऊ नका.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कोन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. बारीक स्वरांना याचा फारसा त्रास होत नाही. पण 100 हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती कुठल्याही भोकातून वळसा घालून पुढे येते. म्हणून पडदा फाटला, किंवा स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट राहिली, की पखवाजाची धूम हरवते. पाणीही त्याच फटीतून आत येतं. म्हणजे जो पडदा आपल्याला कोरडं ठेवतो, तोच खर्जही राखतो. ओल अडवताना आवाजाशी तडजोड करावी लागते हा समज निम्मा खोटा आहे. पडदा नीट बसला की दोन्ही कामं एकदम होतात.

म्हणून काच किंवा कुलूप दुरुस्त करायला पॅड उघडला की कारागिराजवळ उभे राहा. पडदा फाडून फेकू देऊ नका. चिकटपणा गेला असेल तर नवी ब्यूटिलची पट्टी लावून घ्या. पडद्याची खालची कड पत्र्याच्या आत, ओल्या बाजूला वळलेली असेल, तर ती तशीच परत बसवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटातच पडेल. स्पीकरच्या कडेला बंद छिद्रांच्या फोमची पट्टी घाला. तिच्यात पाणी मुरत नाही. स्पीकरखाली लाकडी भुशाच्या फळीचं कडं बसवू नका, ते फुगतं. प्लॅस्टिकचं कडं घ्या. वायर स्पीकरला जोडण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडेल, टोकापर्यंत पोचणार नाही. दारात कापूस किंवा स्पंज भरू नका, तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा गंजतो.

तळाची भोकं मात्र कधीही बुजवू नका. पावसाआधी आणि पावसाच्या मध्यावर प्लॅस्टिकच्या पातळ काडीनं त्यांतला चिखल आणि पाचोळा काढा. मग काचेवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. थोड्या वेळात ते दाराखालून ठिबकायला हवं.

एक मर्यादा सांगायला हवी. इरलं पावसासाठी असतं, पुरासाठी नाही. 2021च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तसा पूर दारात शिरला तर गाळ थेट कॉइलच्या फटीत बसतो. असा स्पीकर बदलावाच लागतो. नुसता भिजला असेल तर मोठ्यानं वाजवू नका, कारण ओला कागद लवकर फाटतो. सावलीत, मोकळ्या हवेत त्याला पूर्ण वाळू द्या.

पाऊस थांबल्यावर दाराखालून दोन-चार थेंब ठिबकताना दिसले तर घाबरू नका. पाण्याला वाट सापडली आहे एवढाच त्याचा अर्थ. पण दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर दुसरं काम बाजूला ठेवा आणि आधी ती भोकं मोकळी करा.