अस्सल आणि नक्कल

बंगळूरच्या जुन्या किल्ल्यापासून थोडे चालत गेले, की चामराजपेट लागते. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली ही वसाहत आखली गेली. सरळ रेषेतले रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि अधूनमधून अजून तग धरून राहिलेली कौलारू घरे, असे तिचे रूप आहे. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू इथेच आहे. रामनवमीचा जो संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे, तोही इथलाच. किल्ल्याच्या सान्निध्यामुळे मराठी माणसाला या भागात शहाजीराजांचे स्मरण होते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी बोलणारी घरे या शहरात आजही आहेत.

अशा एखाद्या घराची कल्पना करावी. घरातल्या वृद्ध मावशी नुकत्याच वारल्या आहेत आणि त्यांची भाची कपाट आवरीत आहे. पैठणी, शाली, चांदीचे करंडे बाहेर निघतात आणि तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक तपकिरी पर्स सापडते. तिच्यावर दोन रोमन अक्षरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांच्याभोवती चार पाकळ्यांची फुले आहेत. मावशींचे यजमान कचेरीच्या कामासाठी पॅरिसला गेले असताना त्यांनी ती आणली, असे घरात सांगत आले आहेत. पॅरिसच्या लुई व्हितॉन या पेढीच्या अशा जुन्या पर्सना आज चांगली किंमत येते, हे भाचीला ठाऊक आहे. मावशींच्या शेवटच्या आजारात ज्या बाईंनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली, त्यांच्या हाती ही रक्कम पडावी, अशी तिची इच्छा आहे. मात्र विकण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: पर्स अस्सल आहे, की नक्कल?

‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन्ही शब्द मराठीत दप्तरांतून रुळले. दप्तरात नक्कल हा काही हिणकस शब्द नाही. जमिनीचा दस्त असो की न्यायालयाचा निवाडा असो, त्याची रीतसर नक्कल मिळते. तिच्यावर अधिकाऱ्याची सही होते आणि ती ‘खरी नक्कल’ म्हणून मान्य होते. तिथे नक्कल आपण नक्कल आहोत हे उघडपणे सांगते, म्हणूनच तिला मान असतो. बाजारातली नक्कल मात्र अस्सलाचे नाव धारण करून येते. दोष नकलेत नाही, तो त्या नाव घेण्यात आहे.

ज्या पेढीच्या नावाने ही पर्स ओळखली जाते, तिचा इतिहास म्हणजे नकलेशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे. लुई व्हितॉनचा जन्म १८२१ साली पूर्व फ्रान्समधील ज्यूरा प्रांतात झाला. कोवळ्या वयात घर सोडून, पायी मजल दरमजल करीत तो १८३७ मध्ये पॅरिसला पोहोचला आणि प्रवासाचे सामान बांधून देणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. १८५४ मध्ये त्याने स्वतःचे दुकान काढले. त्या काळच्या प्रवासी पेट्यांची झाकणे पाणी ओघळून जावे म्हणून घुमटासारखी असत. त्यामुळे त्या एकावर एक रचता येत नसत. व्हितॉनने सपाट झाकणाची, करड्या कॅनव्हासने मढविलेली हलकी पेटी तयार केली. आगगाडीच्या आणि आगबोटीच्या युगाला अशीच पेटी हवी होती. ती खपली, आणि खपली म्हणून तिची नक्कल झाली.

नक्कल रोखण्यासाठी १८७२ मध्ये पट्ट्यांचा कॅनव्हास आला. त्याचीही नक्कल झाली. १८८८ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांचा कॅनव्हास आला आणि ‘हे चिन्ह नोंदलेले आहे’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द त्या चौकड्यांतच विणले गेले. तरीही नक्कल थांबली नाही. १८९२ मध्ये लुई वारला. त्याचा मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये वडिलांच्या नावाची आद्याक्षरे आणि फुले गुंफून एक नवी नक्षी तयार केली. चामराजपेटेतल्या कपाटात निघालेल्या पर्सवर हीच नक्षी आहे. नक्कल करणाऱ्याचा हात थांबावा म्हणून जी नक्षी काढली, तीच जगात सर्वाधिक नकलल्या जाणाऱ्या नक्ष्यांपैकी एक होऊन बसली. जी खूण छापता येते ती दुसऱ्यालाही छापता येते, हा धडा त्या पेढीला तिच्या पहिल्या पन्नास वर्षांतच मिळाला होता.

या पेढीचा संबंध मराठी राजघराण्याशीही आला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड युरोपच्या प्रवासास वरचेवर जात. बडोद्याच्या महाराजांसाठी या पेढीने १९२६ मध्ये चहाच्या सरंजामाची एक खास पेटी बनविली. पेढीच्या इतिहासात तिचा उल्लेख आवर्जून होतो. अशा पेटीचे खरेपण ठरविण्यास फार सायास पडत नाहीत. पेढी आपल्या कुलुपांना क्रमांक देई आणि कोणता क्रमांक कोणत्या गिऱ्हाइकाचा याची नोंद ठेवी. पेटीवरचा क्रमांक आणि वहीतली नोंद जुळली, की वस्तू आपली वंशावळ आपणच सांगते. परंतु कारखान्यात शेकड्यांनी तयार होऊन दुकानातून विकल्या गेलेल्या पर्सला अशी वही कुठली? नव्या वस्तू विकणे हे दुकानाचे काम. परक्या हातून फिरून आलेल्या जुन्या पर्सला दाखला देणे हे ते आपले काम समजत नाही. तेव्हा जाणकाराच्या डोळ्यांवर आणि घरच्यांच्या सांगण्यावर भिस्त ठेवावी लागते.

जाणकार प्रथम काय पाहतो? नक्षी तो सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो वस्तू कशाची आहे ते पाहतो. पुष्कळांची अशी समजूत असते, की ही तपकिरी पर्स कातड्याची आहे. वस्तुतः तिचे अंग सुती कॅनव्हासचे असून त्यावर कृत्रिम द्रव्याचा लेप दिलेला असतो. कातडे असते ते मुठींना आणि कडांना, आणि तेही कोरे, रंग न चढविलेले. नवे असताना ते जवळजवळ दुधट दिसते. पुढे ऊन, हवा आणि हाताचे तेल लागून ते मधासारखे होते आणि अखेर गडद तपकिरी बनते. हा रंग एकसारखा चढत नाही. जिथे बोटे घट्ट धरतात तिथे तो दाट असतो आणि जिथे हात पोहोचत नाही तिथे फिका राहतो. नक्कल करणारा रंग लावू शकतो. पण तीस वर्षे एकाच हाताने धरलेली मूठ त्याला एका दिवसात कशी बनविता येणार?

यानंतर कापणी येते. या पेढीच्या काही पर्स कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्यातून बेतलेल्या असतात. तो तुकडा तळाखालून वळून दुसऱ्या बाजूस वर चढतो, म्हणून एका बाजूची अक्षरे सुलटी दिसतात आणि दुसऱ्या बाजूची उलटी. अजाण माणूस ती उलटी अक्षरे पाहून पर्स खोटी ठरवितो. जाणता तीच पाहून तिच्या बाजूने एक गुण टाकतो. मग शिवण पाहावयाची. टाके एका अंतराचे, एका तिरकसपणाचे आहेत का, दोन्ही मुठींच्या बुंध्याशी त्यांची संख्या सारखी आहे का, हे तो मोजून घेतो. जाणती गृहिणी पैठणीचा पदर उलटून मागची बाजू पाहते, त्यातलाच हा प्रकार. दर्शनी बाजू सगळेच सजवितात. कारागिराची नियत मागच्या बाजूला कळते.

शेवटी सांकेतिक अंक. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून ही पेढी आपल्या पर्सच्या आत, सहसा दिसणार नाही अशा जागी, काही अक्षरे आणि अंक उठवू लागली. अक्षरे कारखाना सांगतात आणि अंक काळ सांगतात. समजा, मावशींच्या पर्समध्ये दोन अक्षरांपुढे १९१४ हा आकडा निघाला. भाची दचकते. १९१४ साली पॅरिसमध्ये महायुद्ध दाराशी आले होते. तेव्हाची ही पर्स असणे शक्य नाही, म्हणजे ती खोटीच! पण हा आकडा सरळ वाचावयाचा नसतो. १९९० पासून २००६ पर्यंतच्या पर्समध्ये पहिला आणि तिसरा अंक मिळून महिना होतो, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. एक-नऊ-एक-चार याचा अर्थ अकरावा महिना आणि चौऱ्याण्णव साल, म्हणजे नोव्हेंबर १९९४. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला.

एक गाठ सुटते तोच दुसरी पडते. घरातली कथा अशी, की यजमान पॅरिसला गेले ते १९८९ साली. मग १९९४ च्या अखेरीस तयार झालेली पर्स त्यांनी कशी आणली? कथा खोटी, की पर्स? भाची जुनी ट्रंक उघडते. यजमानांची मुदत संपलेली पासपोर्टे त्यांच्या सवयीप्रमाणे दोऱ्याने बांधून ठेवलेली आहेत. त्यांच्या पानांवर पॅरिसच्या विमानतळाचे दोन शिक्के मिळतात. एक १९८९ चा आणि दुसरा १९९५ च्या जानेवारीतला. घराच्या आठवणीत दोन प्रवासांचा एक प्रवास झाला होता. स्मृतीची अशी सरमिसळ कुणाच्याही घरी होते. तिच्यात लबाडी नसते. पण म्हणूनच ‘घरचे सांगतात’ एवढ्यावर न थांबता कागद पाहावा लागतो.

तरीही आकडा जुळला म्हणजे पर्स खरी ठरली, असे नव्हे. आकडाही उठविता येतो आणि चतुर नक्कल करणारा तो योग्य तसाच उठवितो. न जुळणारा आकडा पर्सला खोटी ठरवू शकतो. जुळणारा आकडा तिला एकट्याच्या बळावर खरी ठरवू शकत नाही. २०२१ मध्ये पेढीने हे आकडे उठविणे बंद केले आणि पर्सच्या आत एक सूक्ष्म चिप बसविण्यास आरंभ केला. नकलेशी झुंज अशी अजून चालूच आहे.

महाराष्ट्राला ही झुंज अपरिचित नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या आरंभी राजमुद्रा असे. पण अखेरीसही ‘मर्यादेयं विराजते’ अशी एक मोर्तब असे. पत्र इथे संपले, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असा तिचा हेतू. आणि तरीही इतिहाससंशोधकांना शिक्क्यावर विसंबून चालत नाही. बनावट पत्रांवरही शिक्के असतात. म्हणून ते कागद पाहतात, वळण पाहतात, भाषा पाहतात, तारीख आणि वार जुळतात का ते ताडून पाहतात आणि पत्र कोणत्या घराण्याच्या दप्तरातून आले याची चौकशी करतात. एकटा पुरावा बोलका असतो, पण अनेक पुरावे एकमेकांस दुजोरा देतील तेव्हाच निर्णय देता येतो. पर्स असो वा पत्र असो, खरेपणाची परीक्षा तीच.

कायद्याचीही यावर नजर आहे. रीतसर विकत घेतलेली अस्सल वस्तू पुढे दुसऱ्यास विकण्यास भारतात आडकाठी नाही. मात्र खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि तसे चिन्ह लावलेला माल विकणे हे १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाने गुन्हे ठरविले आहेत. त्यांना सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, असे विकणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणजे ‘मला काय ठाऊक’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. विकण्यापूर्वी विचारणे हे त्याचे कर्तव्य आहे.

भाचीपुढे आता शेवटचा पेच उरतो. पर्सची मूळ चेन बिघडली होती आणि मावशींनी ती बंगळूरच्या बाजारातल्या एका कारागिराकडून बदलून घेतली होती. काम इतके सफाईचे आहे, की न सांगितल्यास गिऱ्हाइकाच्या ध्यानात येणे कठीण. सांगितले तर किंमत उतरणार, आणि उतरलेला प्रत्येक रुपया त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईंच्या वाट्यातला असणार. चांगल्या कामासाठी थोडे मौन पाळले, तर बिघडले कुठे?

परंतु ते मौन पाळले, की अस्सल पर्सही थोडीशी नक्कल होते. तिच्याविषयी जे खरे नाही ते तिच्या नावावर चढते. भाची एक कागद घेते आणि लिहिते: ही पर्स कोणाची, कोणी आणि केव्हा आणली असावी, त्याला आधार कोणता, आणि चेन केव्हा व कुठे बदलली. सोबत पासपोर्टच्या त्या पानाची प्रत जोडते. गिऱ्हाईक कागद वाचते, चेनवरून बोट फिरवून पाहते, किंमत थोडी उतरवून मागते आणि पर्स घेते. ती मात्र तो कागद पर्सच्या आत नीट घडी करून ठेवते. कारण उद्या पर्स तिसऱ्या हाती गेली, तर तिच्यासाठी साक्ष देणारे तेवढेच असणार आहे.

नक्षी पॅरिसची आहे, कॅनव्हास आणि कातडे पॅरिसच्या पेढीचे आहे. पण आजवर तिला ज्या नोंदवहीची उणीव होती, ती आता तिच्याजवळ आहे. चामराजपेटेतल्या एका घरात, मराठी अक्षरांत तिचे पहिले पान लिहिले गेले आहे.