यादीत नसलेली वाडी



मृगाचे दोन-चार पाऊस झाले की कर्जतच्या बाजारात शेवळं येतात. डोंगरावरच्या वाड्यांतल्या ठाकर बायका अंधारातच टोपली डोक्यावर घेऊन निघतात, तास-दीड तास पायवाट उतरतात आणि स्टेशनच्या रस्त्याला गोणपाट टाकून बसतात. समोर शेवळांच्या जुड्या, बाजूला हिरव्या काकडांचे वाटे. काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेवळं संपली की टाकळा, कुर्डू, भारंगी, मग कंटोळी. आमच्या पावसाळ्याचं पंचांग या टोपल्यांत असतं.

मी शिक्षिका होते. खालापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, आता कर्जतला राहते. भाजी मी वर्षानुवर्षं एकाच बाईकडून घेत आले. तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातवंडांची केली, पाच-दहा रुपयांसाठी घासाघीसही केली. पण ती कोणत्या वाडीची, हे कधी विचारलं नव्हतं. ‘वरून येते’ एवढंच मला माहीत होतं.

2023 सालच्या 20 जुलैला, गुरुवारी सकाळी, बातम्यांत एका वाडीचं नाव आलं. इर्शाळवाडी. खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या अंगावर वसलेली ठाकरांची वाडी. आदल्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला डोंगराचा कडा सुटला आणि झोपलेल्या वाडीवर आला. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती टोपलीवाली आली. ती याच वाडीची असेल का? मला सांगता येईना. इतक्या वर्षांच्या ओळखीत मला तेवढंही माहीत नव्हतं. त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलते आहे.

इर्शाळगड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुंबईहून पुण्याकडे जाताना चौकच्या बाजूला जो सुळका दिसतो, ज्याला आरपार भोक आहे, नेढं आहे, तोच हा गड. त्याच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना येतं. जवळून द्रुतगती मार्ग जातो. मुंबईसारख्या महानगरापासून दोन तासांच्या अंतरावर ही वाडी होती, आणि तिच्यापर्यंत रस्ता नव्हता. चिखलाच्या निसरड्या वाटेनं तास-दीड तास चढून जावं लागे. शनिवार-रविवारी गड चढायला येणारी मुलं याच वाडीत पाणी पीत, पिठलं-भाकरी खात.

वाडीत 228 माणसं राहत होती. तीन दिवसांत त्या परिसरात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता. अमावास्या दोनच दिवसांपूर्वी झालेली, त्यामुळे काळोख मिट्ट. वाडीतल्या शाळेच्या खोलीत काही तरुण पोरं जागी होती, त्यांनी आवाज ऐकला. जे वाचले ते अंधारात, पावसात, हाताला लागेल त्याला ओढत बाहेर पडले. मदतीला निघालेल्या पथकांनी रात्रीच चढायला सुरुवात केली. त्यात नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढता चढता हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वर यंत्र नेता येईना, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर पाठवता येईना. एनडीआरएफच्या जवानांनी, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या आमच्या इथल्या गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या वाड्यांतल्या माणसांनी कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. चार दिवसांनी, 23 जुलैला, शोध थांबवला. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडलीच नाहीत. चौऱ्याऐंशी माणसं गेली आणि त्यातली बहुतेक त्या मातीतच राहिली.

काही मुलं वाचली, कारण ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती. शिक्षिका म्हणून मला याचा विचार सहन होत नाही. पोराला शिकायला खाली पाठवलं, म्हणून पोर राहिलं आणि घर गेलं.

त्या दिवसांत एक वाक्य वारंवार कानावर पडत होतं. सरकारनं सांगितलं की इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. ते खरंही होतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं धोक्याची म्हणून जी ठिकाणं दाखवली होती, त्यांत ही वाडी नव्हती. पण हे वाक्य ऐकताना मला वाटत राहिलं की नाव यादीत का नव्हतं, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. वाडीतल्या माणसांना विचारून कधी यादी केली होती का?

आठ-दहा दिवसांनी पाऊस उघडला आणि माझी टोपलीवाली बाजारात दिसली. मी जवळजवळ धावतच गेले. आणि पहिल्यांदा विचारलं, “अगं, तुझी वाडी कुठली?” तिनं नाव सांगितलं. ती इर्शाळवाडी नव्हती, आमच्या कर्जतच्याच अंगाची दुसरी वाडी होती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, आमच्या माथ्यावर बी तसाच कडा हाय. औंदा घरामागचा झरा गढूळ येतो. पहिला कधी येत नव्हता.”

श्रोतेहो, हे एक वाक्य मी तुमच्यापुढे ठेवते. झरा गढूळ येतो. कारण तज्ज्ञ जे सांगतात तेच ती सांगत होती.

आपल्या सह्याद्रीत खाली काळा कातळ असतो आणि वर मुरमाचा, मातीचा थर. सतत मोठा पाऊस लागला की पाणी मातीत मुरतं, कातळापर्यंत पोचतं आणि तिथं अडतं. वरची माती पाण्यानं जड होते, खालची पकड सुटते आणि उतारावरचा थर घसरायला लागतो. पण त्याआधी डोंगर खुणा देतो. जमिनीला नवी भेग पडते. झाडं, विजेचे खांब कलतात. घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. कोरड्या जागी पाणी फुटतं, किंवा नितळ झरा अचानक लाल, गढूळ होतो. या खुणा तालुक्याच्या कचेरीतून दिसत नाहीत, त्या परसदारातच दिसतात. ज्या बाईनं जन्मभर त्या झऱ्याचं पाणी भरलं, तिच्याइतकी पक्की नोंद दुसरी कोणती असणार?

“मग माणसं तिथं राहतातच कशाला?” हा प्रश्न त्या आठवड्यात मी शहरातल्या नातेवाइकांकडून किती वेळा ऐकला! त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. आमच्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांची नाचणी-वरीची शेती डोंगरउतारावरच्या दळी जमिनीवर असते. लाकूडफाटा, भाजी, मध, सगळं जंगलात. गुरं तिथं, देव तिथं. आणि खाली सपाटीला त्यांच्या नावावर काय आहे? कर्जत आणि खालापूर भागात जमिनीचे भाव आकाशाला भिडले. फार्महाऊस झाली, बंगल्यांच्या वसाहती झाल्या, रस्त्यासाठी आणि प्लॉटसाठी टेकड्यांचे पायथे कापले गेले. सपाटीवरच्या कित्येक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत, केव्हाही उठवल्या जातील अशा. मग डोंगर सोडून माणसानं उतरायचं कुठं? धोका कळतो, पण उतरायला जागा नाही, अशी ही कोंडी आहे.

दरडींमुळे जुलै महिना आमच्या मनावर कसा कोरला गेला आहे पाहा. 2005 सालच्या 25 आणि 26 जुलैला महाड तालुक्यातलं जुई आणि दासगाव. 2014 च्या 30 जुलैला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, तिथं दीडशेवर माणसं गेली. सकाळी फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. 2021 च्या 22 जुलैला महाडचंच तळीये, तिथं ऐंशीहून अधिक. आणि 2023 च्या 19 जुलैला इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस गाड्यांची रांग लागते, पुढाऱ्यांचे दौरे होतात, कॅमेरे येतात. मग पाऊस ओसरतो आणि बातमीही ओसरते.

वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या खोल्या दिल्या. पत्र्याच्या त्या खोल्यांत उन्हाळा काढायचा म्हणजे काय, ते आमच्या भागातलं एप्रिल-मे अनुभवलेल्यालाच कळेल. दुर्घटनेला वर्ष झालं तेव्हाही माणसं त्याच खोल्यांत होती. सिडकोनं सपाटीवर 44 पक्की घरं बांधली. घरं चांगली आहेत, त्यासाठी झटलेल्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण एका वाडीचं पुनर्वसन चौऱ्याऐंशी जीव गेल्यावर झालं. आजूबाजूच्या डोंगरांवर तशाच उतारांवर ज्या वाड्या आहेत, त्यांचं काय? त्यांनाही घर मिळण्याआधी इतकीच किंमत मोजावी लागणार आहे का?

दरडीचा दिवस आणि घटका कोणालाच सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण धोक्याची रात्र ओळखता येते. 2024 च्या 30 जुलैला केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर याहून कितीतरी मोठा अनर्थ कोसळला. तिथल्या कल्पेट्टा गावी ह्यूम सेंटर नावाची एक संस्था आहे. तिनं शेतकऱ्यांच्या, मळेवाल्यांच्या मदतीनं जिल्हाभर दोनशेहून अधिक पर्जन्यमापक बसवले होते. गावोगावची माणसं रोज पावसाची नोंद पाठवत. त्या नोंदींवरून संस्थेनं आदल्याच दिवशी धोक्याचा इशारा दिला होता. माणसं वेळेत हलली नाहीत, हे दुर्दैव. पण साध्या माणसांनी मोजलेल्या पावसावरून धोका ओळखता येतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

मग हे आपल्याकडे का होऊ नये? पर्जन्यमापक म्हणजे मापाच्या खुणा असलेलं एक नळकांडं. वाडीवरच्या शाळेत ते बसवता येईल. चौथीतलं पोरसुद्धा रोज सकाळी त्याची नोंद करील. मी मुलांना तीस वर्षं गणित शिकवलं आहे, मी खात्रीनं सांगते. मे महिन्यातल्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीच्या माणसांना, विशेषतः बायकांना, उभं करून विचारावं की यंदा कुठं भेग दिसली, कोणता झरा बदलला, कोणतं झाड कललं. ते लिहून घ्यावं आणि तहसीलदारांकडे द्यावं. मोठ्या पावसाच्या रात्री वाडीनं कुठं उतरायचं, ती शाळा किंवा ते समाजमंदिर आधी ठरलेलं असावं. तिथं कंदील असावा, तांदूळ असावेत, गुरं बांधायला जागा असावी. कारण गुरं मागे ठेवून माणूस उतरत नाही. आणि कायमचं खाली आणायचं असेल, तर घर त्यांच्या नावावर व्हावं आणि वरच्या दळीवरचा, जंगलावरचा हक्क शाबूत राहावा. वनहक्क कायदा 2006 सालीच झाला आहे. एवढी हमी दिली तर माणसं आपण होऊन उतरतील. माझ्या टोपलीवालीनं मला तेच सांगितलं. ती म्हणाली, “उतरू की बाई. पर वरचं शेत आमचंच ऱ्हाईल, आसं कुनी तरी लिहून द्या.”

यात मोठ्या पैशांची कामं आहेत, ती सरकारनंच करायची. पण सुरुवात विचारण्यापासून आहे, आणि ते तुम्हा-आम्हाला आजपासून करता येतं. कर्जत-खालापूरला गड चढायला येणाऱ्या तरुण मित्रांनो, ज्या वाडीत तुम्ही पाणी पिता, तिथं भेगा दिसल्या तर फोटो काढा आणि पंचायतीला, तालुक्याच्या आपत्ती कक्षाला पाठवा. शिक्षकांनो, आशाताईंनो, वायरमन दादांनो, तुम्ही वाडीवर जाता. तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते लेखी द्या, आणि दिलेल्या अर्जाचा पाठपुरावा करा. आणि बाजारातून रानभाजी घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, भाव विचाराल तेव्हा वाडीचं नावही विचारा. रात्रभर पाऊस थांबला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाडीची चौकशी करा. फोन लागला नाही तर पोलीस पाटलाला सांगा, पंचायतीत जाऊन सांगा, कोणीतरी वर जाईपर्यंत सांगत राहा.

सरकारी यादीत नाव यायला वेळ लागेल. तोवर आपल्या डोंगरातल्या एकेका वाडीचं नाव आपल्या तोंडी असू द्या.