गंजलेल्या नटाशी कुस्ती नको
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



उसाच्या भावावर बोलणारे या बैठकीत पुष्कळ आहेत. आम्ही आज एका नटावर बोलणार आहोत. मोटारीच्या चाकाच्या मधोमध, टोपणाखाली बसलेला हबचा नट. हसू नका. आपल्या दारात ज्या मोटारी आहेत, त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या. मारुती 800 आणि ॲम्बॅसॅडर या दोन्ही गाड्या कारखान्यात बनायच्या 2014 साली बंद झाल्या. आपल्याकडे त्या अजून चालतात. अडलेली बाई त्यातूनच दवाखान्यात जाते, वांग्याची पोती त्यातूनच बाजारात जातात. ते चाक निखळले तर नुकसान कुणाचे?

आणि आपल्या जिल्ह्याचे एक वेगळे दुखणे आहे. 2005, 2019 आणि 2021 साली पंचगंगा-कृष्णेचे पाणी गावात शिरले. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांत माणसे आणि जनावरे बाहेर काढायची की गाड्या? गाड्या पाण्यात राहिल्या. पूर ओसरला, गाडी वरून धुतली, पण हबमध्ये गेलेला गाळ कुणी काढला? त्यात आपण त्याच गाडीतून पोटॅशची पोती आणतो. पोटॅशमध्ये क्लोराईड असते, ते सांडले आणि ओल लागली की लोखंड झपाट्याने खाते. पुढे बेअरिंग वाजायला लागते, हब उघडायची वेळ येते आणि नट जागचा हलत नाही.

मग आपण काय करतो? चार गडी गोळा करतो, पान्याला लांब पाईप लावतो आणि त्यावर उभे राहतो. कोल्हापूरच्या मातीत कुस्ती मुरलेली आहे, पण तालमीतला वस्तादसुद्धा आधी पकड बघायला शिकवतो. सोयाबीनवर तांबेरा दिसला की आपण आधी रोग ओळखतो, मग औषध आणतो. इथेही तसेच आहे. नट कशाने धरला आहे, ते आधी बघायचे. तो तीन गोष्टींनी धरलेला असतो: कुलपाने, आट्यांच्या दिशेने किंवा गंजाने.

पहिले कुलूप. टोपण काढा, तारेच्या ब्रशने चिखल खरवडा. नटाला खाचा असतील तर त्यातून स्प्लिट पिन गेलेली असते. ती सरळ करून ओढून काढा. कुजून तुटली असेल तर बारीक ड्रिलने भोक मोकळे करा. काही गाड्यांत पिन नसते, नटाची पातळ कड ठोकून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते. ती बारीक छिन्नीने उचलायची. जीपच्या पुढच्या हबात दोन नट आणि त्यांच्यामध्ये वाकवलेला वायसर असतो. तो आधी सरळ करायचा. कुलूप न काढता जोर लावला तर आटे जातात.

दुसरी आट्यांची दिशा. नेहमीचा नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. पण काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात. जुन्या विलीज घडणीच्या जीपला डाव्या चाकाचे नटसुद्धा उलट्या आट्यांचे होते. अशा ठिकाणी सोडवायला म्हणून लावलेला जोर नट आणखी आवळतो. पान्याला हात घालण्याआधी आटे कुठल्या बाजूला चढतात ते डोळ्यांनी बघा.

तिसरा गंज. लोखंड गंजले की ते मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत गंज फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. त्याला उतारा म्हणजे वेळ. गंज काढायचे पातळ तेल, नसेल तर डिझेल, आट्यांवर सोडा. नटाच्या प्रत्येक अंगावर हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे तेल आत झिरपेल. संध्याकाळी सोडा, सकाळी पुन्हा सोडा. ब्रेकच्या लायनरवर तेल जाऊ देऊ नका.

आता जोर. गाडी सपाट जागी, चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे. टोपणाच्या भोकातून नट दिसत असेल तर तो गाडी उचलण्याआधीच ढिला करायचा. जॅकवरच्या गाडीला हिसके देणे म्हणजे मरण ओढवून घेणे. पाना सहा कोनी सॉकेटचाच हवा. बारा कोनी सॉकेट किंवा मागेपुढे होणारा पाना नटाचे कोपरे खातो.

हिशोब साधा आहे. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर 40 किलोचा जोर लावला तर नटावर 20 किलो-मीटरचा पीळ बसतो. तोच जोर दीड मीटरच्या पाईपवर लावला तर 60 चा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या लहान मोटारींचा हा नट साधारण 15 ते 30 ला आवळलेला असतो. म्हणजे एक माणूस आणि एक पाईप पुरे. पाईपवर उड्या मारू नका. पाईप निसटला तर गुडघा आणि दात दोन्ही जातात. नट आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. गंजाची कड तशी मोडते.

एवढ्यानेही नाही हलला, तर उष्णता. फक्त नट तापवायचा. तो फुगतो आणि पकड सुटते. पण आत ग्रीस आहे, रबरी सील आहे, जवळ ब्रेकची नळी आहे. म्हणून हे काम वेल्डिंगवाल्याकडे, उघड्यावर, पाणी आणि ओले पोते जवळ ठेवून करावे. त्या तापलेल्या बेअरिंगवर आणि सीलवर पुन्हा भरवसा ठेवू नये. शेवटचा उपाय म्हणजे नटाचा बळी देणे. त्याच्या एका अंगाला, शाफ्टला समांतर भोक पाडायचे आणि छिन्नीने नट फोडायचा. नटापेक्षा शाफ्ट कितीतरी महाग आहे, त्याचे आटे जपा.

नट सुटला म्हणजे काम संपले, असे समजू नका. खरा धोका पुढेच आहे. ढिल्या नटावर गाडी ढकलू नका, बेअरिंग बिघडते. चाक काढताना गाडीखाली लोखंडी स्टँड लावा. वीट नको, जांभ्याचा दगड नको. त्यांचा कधी भुगा होईल ते सांगता येत नाही. ग्रीस पांढरट झाले असेल तर पाणी आत गेले आहे. सगळे धुऊन काढा, बेअरिंग तपासा.

बसवताना दोन जाती वेगळ्या ओळखा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीचा पुढचा नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने घट्ट आवळायचा. ॲम्बॅसॅडर किंवा जीपच्या पुढच्या हबात निमुळते बेअरिंग असते. तिथे चाक फिरवत नट आवळायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलता कामा नये. याला मोटारीसारखे आवळले तर बेअरिंग जळते, आणि मोटारीला याच्यासारखे ढिले सोडले तर चाक साथ सोडते. स्प्लिट पिन नेहमी नवी घाला. चार आणे वाचवायची ती जागा नव्हे.

आपल्या शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनाचे भाग घडले, इथल्या फाउंड्र्यांचे ओतीव काम देशभर जाते. लोखंडाची जाण या जिल्ह्याच्या रक्तात आहे. ती गावापर्यंत आली पाहिजे. एकेकट्याला टॉर्क पाना परवडत नाही, पण गावाला परवडतो. म्हणून आमचे एकच मागणे आहे. प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक पेटी करावी: सहा कोनी सॉकेट, लांब दांडा, टॉर्क पाना आणि दोन लोखंडी स्टँड. पेटी कुणाकडे राहील ते आजच ठरवा. मृग लागण्याआधी गावातल्या प्रत्येक जुन्या गाडीचे टोपण एकदा उघडा, आणि पुरात उभी राहिलेली गाडी सगळ्यांत आधी घ्या.