डावा पाय, पहिला ठोका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू बँडमध्ये होतीस, तर तू बँडवर बोल." दहा मिनिटं दिली आहेत. मेळाव्याच्या पत्रकात आपण वाचलंच असेल की जमलेल्या निधीतून शाळेला बँडचा नवा संच द्यावा, अशी सूचना आली आहे. सूचना चांगली आहे. तिच्याबाबत माझी एक मागणी आहे, पण ती शेवटी सांगते. आधी आपला बँड कसा चालायचा याची उजळणी करू, कारण माझी मागणी त्यातूनच निघाली आहे.

आपल्या बँडमध्ये एक मोठा ढोल, चार छोटे ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, एक त्रिकोण, आठ बासऱ्या आणि चार बिगूल होते. वाजवणारे वीस जण. संचलनाच्या चालीत मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात आणि मोठ्या ढोलाचा जड ठोका डाव्या पायाबरोबर येतो. एवढी एक गोष्ट पक्की झाली की मागे कितीही मोठी रांग असू दे, ती चालते. ढोलवाला अर्ध्या ठोक्याने जरी घाईला आला, तरी शेवटच्या रांगेतल्या पाचवीच्या पोरांचे पाय एकमेकांत अडकायचे. आपल्यातला जो ढोल वाजवायचा तो आज समोरच बसलाय. वर्गात त्याला कधी स्वस्थ बसवलं नाही, पण ढोल गळ्यात आला की हा मुलगा घड्याळासारखा व्हायचा.

छोट्या ड्रमच्या खालच्या बाजूला ताणलेल्या तारा असतात. त्या चामड्याला लागल्या की तो करकरीत आवाज निघतो, नाहीतर ड्रम डब्यासारखा वाजतो. बिगुलाला ना भोकं, ना कळा. ओठ आवळायचे, सैल सोडायचे आणि त्यातूनच वेगवेगळे सूर काढायचे. बिगुलाच्या बहुतेक इशाऱ्यांचं काम पाच सुरांत भागतं, पण ते पाच सूर हाती यायला आपल्या बिगूलवाल्यांना अख्खी सहामाही लागली होती. तोवर मैदानावरून म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज यायचा, हे शेजारच्या वाडीतले लोक अजून सांगतात.

आपण दर्याकाठचे. दांडीची खारी हवा माणसांना मानवते, वाद्यांना नाही. पितळ आठवड्यात हिरवं पडायचं. मग शनिवारी चिंच आणि राख घेऊन बिगूल आणि झांजा घासायच्या. पावसात ढोलाचं चामडं ओलं होऊन सैल पडायचं, ते कागद पेटवून लांबून शेकायचं. शेकणाऱ्याचा अंदाज चुकला की चामडं तडकणार, म्हणून ते काम सर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत.

आणि पावसाळ्यातच आपला खरा सराव असायचा, 15 ऑगस्टसाठी. त्या दिवसांत मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, घरातले बापे माणूस गावातच. एरवी मुलाची इयत्ता कुठली हेही ज्यांना पटकन सांगता यायचं नाही, ते वडील कुंपणाशी बसून जाळी विणता विणता आपला सराव बघायचे. शाळेच्या पालकसभेला आली नसतील एवढी माणसं बँडच्या सरावाला असायची.

बँडमध्ये कोण घ्यायचं, हे सर कसं ठरवायचे ते आठवतं ना? गुणपत्रिका कधी मागितली नाही. ते एक ताल टाळीने वाजवायचे आणि म्हणायचे, "हा मला परत दे." दिला तर आत, नाही दिला तर पुढच्या वर्षी पुन्हा ये. या एका परीक्षेमुळे बँडची रांग वर्गाच्या रांगेपेक्षा वेगळी लागली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी कोळ्यांची पोरं तिथे पुढे आली, कारण दहा जणांनी मिळून दोर ओढायचा तर एका दमात ओढावा लागतो, हे त्यांनी घरी पाहिलेलं होतं. बोईसरच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांची मुलं होती. ती गुजरातीत, हिंदीत, भोजपुरीत बोलायची, मराठी अजून अडखळत होती, पण टाळी बरोबर परत द्यायची.

पाड्यावरून चालत येणारा आपला एक वारली मित्र होता. वर्षभर तो वर्गात कुणाशी धड बोलला नव्हता. सरांनी त्याला सगळ्यात अवघड ताल दिला आणि त्याने तो एका फटक्यात परत केला. कारण साधं होतं. त्याच्या घरी तारपा होता. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचं लांब तोंड. तारपावाला वाजवतो, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात आणि त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. तोंडाने कुणी काही सांगत नाही. वारली चित्रांतला तो फेर जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांनी जगभर नेला. आपल्या मित्राने तेच कानाचं शिक्षण बँडमध्ये आणलं. सरांची काठी हलायच्या आधी त्याला कळायचं की आता वळायचं आहे. पुढे तोच बँडचा म्होरक्या झाला आणि बोलायलाही लागला.

मुलींचंही सांगायला हवं. आमच्या आधी मुलींना लेझीम आणि मुलांना बँड अशी सरळ वाटणी होती. तसा कुणी नियम केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. एका वर्षी ड्रम वाजवणारे दोघे दहावी होऊन गेले आणि सरांनी टाळीची परीक्षा सगळ्यांसाठी खुली केली. आम्ही चौघी आत आलो. माझी आजी म्हणाली, "पोरीची जात, गळ्यात ढोल घालून गावातून फिरणार?" प्रभातफेरीच्या दिवशी तीच आजी ओट्यावर सगळ्यांत पुढे उभी होती आणि शेजारणीला सांगत होती, "डावीकडून दुसरी, ती आमची."

आणखी एक गोष्ट. 15 ऑगस्ट उद्यावर आला, की आदल्या दिवशी जोरात सराव व्हावा असं कुणालाही वाटेल. पण 14 ऑगस्टला सर वाद्यांना हात लावू द्यायचे नाहीत. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांत सातपाटीचे होते, मुरबेचे होते, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे. पालघरच्या हुतात्मा चौकात त्या दिवशी आजही मानवंदना असते. आपण मैदानात नुसते रांगेत उभे राहायचो आणि वाद्यं समोर जमिनीवर ठेवलेली असायची. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, कधी वाजवायचं नाही हे त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं एरवी कळलं नाही. झांजवाल्याला विचारा. सोळा ठोके गप्प राहायचं आणि सतराव्याला एकदाच वाजवायचं. ते सोळा ठोके मोजणं हेच त्याचं खरं काम.

आता मुद्द्यावर येते. हा बँड टिकला कशावर? वाद्यांवर नाही. वाद्यं तेव्हाही जुनीच होती, दोन बासऱ्यांना चिकटपट्टी होती. बँड टिकला तो एका साखळीवर. सर आठवीच्या सगळ्या मुलांना बासरीवर बोटं ठेवायला शिकवत नसत. ते काम नववी-दहावीची मुलं करायची. दहावीतली मुलगी आठवीतल्या मुलीची बोटं धरून भोकांवर ठेवायची. दोन वर्षांनी तीच मुलगी दुसऱ्या कुणाची बोटं धरायची. सर मधे उभे राहून ही साखळी तुटणार नाही एवढं बघायचे.

ती तुटली. सर निवृत्त झाल्यावर काही वर्षं मुलांनीच कसाबसा बँड चालवला. मग 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि पुढे दीडेक वर्ष मुलं धड वर्गात आलीच नाहीत. ज्यांना वाजवता येत होतं ती दहावी होऊन गेली, आणि जी नवी आली त्यांची बोटं धरायला कुणी उरलं नाही. दीड वर्षात वाद्यं बिघडत नाहीत, पण तीन इयत्तांची साखळी तुटायला तेवढं पुरतं. आता प्रजासत्ताकदिनी राष्ट्रगीत लाऊडस्पीकरवर लागतं. 52 सेकंदांत, अगदी बिनचूक. पण ते वाजवणारं आपल्या शाळेतलं कुणी नसतं.

शाळेतलं संगीत म्हणजे नुसती हौस, असं आपल्याला वाटतं. जिथे जिथे ते रुजलं, तिथे कुणीतरी शिकवणारा माणूस नेमला होता. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. गोव्यात चर्चच्या शाळांतून गावोगावच्या पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या मातीतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा झाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल' यांतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त ते नाव गाण्यात आलं ते गुरूच्या आठवणीने. आपल्या बँडमधून कुणी सिनेमात गेलं नाही, आणि जायलाच हवं असं काही नाही. मी एवढंच म्हणते की नुसतं कपाट भरून वाद्यं दिल्याने हे कुठेच घडलेलं नाही.

आणि ही मागणी काही जगावेगळी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिकवणारे असावेत. कागदावर आहे, ते वर्गात कधी येईल याची वाट बघत बसलो तर आणखी दोन साखळ्या तुटतील.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी सामानाची खोली उघडून पाहिली. मोठ्या ढोलाचं लाकूड धड आहे, चामडं तेवढं बदलायला हवं. चारांपैकी तीन बिगूल ठोकून सरळ होतील. दोन ड्रमच्या तारा तुटल्यात. झांजा घासल्या की झालं. बासऱ्या मात्र नव्या घ्याव्या लागतील, त्या महाग नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी. निधीचे दोन भाग करू. लहान भाग दुरुस्तीसाठी आणि बासऱ्यांसाठी. मोठा भाग शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी, आणि तो एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा हवा. आठवीत धरलेलं मूल दहावीत जाईपर्यंत कुणीतरी सोबत राहिलं, की पुढचं मुलं आपापसांत चालवतात, हे आपण स्वतः करून बसलो आहोत.

शिकवणारा कुठून आणायचा, असं विचाराल. पालघर-बोईसरच्या लग्नांत वाजवणारी बँड पथकं बघा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चार महिन्यांत लग्नं नसतात आणि त्यांच्यातले चांगले वादक रिकामे असतात. नेमका तोच आपल्या सरावाचा काळ. त्यांना काम मिळेल, मुलांना गुरू मिळेल. शाळा वेळ द्यायला तयार आहे, मी विचारलंय. बाकीच्या महिन्यांत आठवड्यातून एक शनिवार आपल्यातल्याच दोघांनी द्यायचा. त्यातलं एक नाव माझं लिहून घ्या.

फळ्यावर 'माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट' असं लिहिलेला नवा चकचकीत संच फोटोत छान दिसेल, हे मला माहीत आहे. माणसाच्या मानधनावर आपलं नाव कोरता येत नाही. तरी आपल्या वाट्याला जे आलं ते एका माणसाकडून आलं, आणि आजच्या आठवीतल्या पोरांना तेवढं तरी मिळावं असं मला वाटतं.

आपले सर आज पहिल्या रांगेत आहेत. तब्येत साथ देत नाही, तरी आले. सर, तुमच्या नावाने काही बांधायचं नाही, एवढं मी कमिटीकडून कबूल करून घेतलंय, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. फक्त पहिल्या दिवशी टाळीची परीक्षा तुम्ही घ्यायची. नवीन शिकवणारा शेजारी उभा राहील.

निधीचं टेबल दाराजवळ आहे. दोन वह्या ठेवल्या आहेत, एक दुरुस्तीची आणि एक मानधनाची. आपण दुसरी वही आधी उघडावी, एवढीच विनंती करते आणि थांबते.